पंपाचा वेग, माझा उद्वेग

वीज चोरली म्हणून वीज कार्यालयात उभी राहिलेली माणसं पुष्कळ असतील. वीज वाचवली म्हणून उभा राहिलेला कोल्हापूर जिल्ह्यातला पहिला माणूस बहुधा मीच. आणि तोही खरोखर उभा. बसा म्हणण्याइतका माझा गुन्हा त्यांना किरकोळ वाटत नव्हता.

मी अनेकांत मगदूम. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. राजारामपुरीत सन्मती अपार्टमेंट नावाची चार मजली इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. महापालिकेचं पाणी आमच्या जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं. ही टाकी रोज भरून वाहायची. मग चार गॅलऱ्यांतून चारजण "मोटर बंद करा!" म्हणून ओरडायचे आणि ओरडून झाल्यावर, आता कुणीतरी बंद करील, अशा समाधानानं आत जायचे. दर महिन्याला सामायिक विजेचं बिल आलं की सभा व्हायची, आणि सभेत लिफ्ट कोण जास्त वापरतं यावर भांडण व्हायचं. पंपाकडं कुणाचं लक्षच नव्हतं. माझंही नव्हतं. तसंच राहिलं असतं तर आज माझा खांदा शाबूत असता.

पण कॉलेजात ऊर्जाबचतीची कार्यशाळा झाली. मी शेवटच्या रांगेत चहाची वाट बघत बसलो होतो. बाहेरून आलेले तज्ज्ञ सांगत होते की पंपाला ड्राइव्ह नावाची एक पेटी बसवता येते. ती मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करते. वेग एक पंचमांशानं कमी केला की वीज निम्मीच लागते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मी ताठ बसलो. घन मी दरवर्षी शिकवतो. पण इतकी वर्षं फळ्यावर पडून असलेला हा घन आपल्याच जिन्याखाली कामाला लावता येईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी चहा गार झाला तरी मला कळलं नाही.

घरी येऊन रुचिताला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"पंप चालतोय ना?"

"चालतोय."

"मग त्याला कशाला हात लावताय?"

विज्ञानाची वाटचाल या प्रश्नापाशी किती वेळा थांबली असेल, याची मला त्या क्षणी कल्पना आली. मी थांबलो नाही.

सभा बोलावली. आमचे अध्यक्ष गणपतराव हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या ट्रॅक्टरवर आवाज चढवायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ते समोर बसून बोलले तरी पन्हाळ्याला निरोप चाललाय असं वाटतं.

"म्हंजे सर, पंप हळू चालवायचा?"

"गरजेपुरता."

"आन् हळू चालवून पाणी लवकर येणार?"

"लवकर नाही. स्वस्तात."

तळमजल्यावर आकारामची दूध डेअरी आहे. तो म्हणाला, "आमच्या पावण्यांनी पन्हाळ्याला हॉटेलात असलंच बसवलंय की."

"बघा!" मी म्हणालो. "कसं चाललंय?"

"बेस हाय. आता टँकर मागवत्यात."

सभा माझ्या हातातून निसटणार, एवढ्यात सीताक्का बोलल्या. सीताक्का चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा बेंगळुरूला. धर्म कडक पाळतात. गाळून उकळलेलंच पाणी पितात आणि सूर्य मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. त्या सहसा बोलत नाहीत, त्यामुळं सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"अनेकांत सांगतोय न्हवं? मग बसवा की. आमच्या आदितीला बारावीला फिजिक्स त्यानंच शिकवलंय."

त्यांच्या नातीला बारावीत किती मार्क पडले होते हे मला माहीत होतं, म्हणून मी तो विषय लांबवला नाही. ठराव मंजूर झाला.

ड्राइव्ह बसवायला आदर्श नावाचा एक इंजिनिअर आला. बोलायला इतका चटपटीत की त्याच्या तोंडालाच एक ड्राइव्ह बसवावा. "सर, निवांत ऱ्हावा. हुपरीत चांदीच्या पॉलिशच्या मशीनी हायत न्हवं, त्यातल्या निम्म्या मशीनींना मीच ड्राइव्ह बसवल्यात." पैंजणाला पॉलिश करताना पाणी चौथ्या मजल्यावर चढवावं लागत नाही, हा मुद्दा मला तेव्हा सुचायला हवा होता. सुचला नाही.

उद्घाटनाला गणपतरावांनी स्वतः नारळ आणला. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून त्यांनी तो पंपाच्या चौथऱ्यावर असा काही आपटला, की नारळाचं निम्मं पाणी ड्राइव्हच्या पेटीत गेलं. पेटीवर लाल अक्षरं उमटली आणि ती मेली. मग आदर्श दुपारभर रुचिताचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन पेटी वाळवत बसला. बघायला सगळी इमारत उभी. "सर, हे रोज करायला लागतंय व्हय?" असं आकारामनं विचारलं.

संध्याकाळी पेटी जिवंत झाली. आदर्शनं वेगाचा आकडा लावून दिला आणि निघताना बजावलं, "सर, ह्याच्या खाली आणू नका." तो गेला. मी आणि ड्राइव्ह दोघंच उरलो. एक बटण दाबलं की आकडा खाली यायचा आणि पंपाचा आवाज नरम व्हायचा. एवढ्या कपातीत निम्मी वीज वाचते, तर आणखी थोड्या कपातीत किती वाचेल? मी दाबत गेलो. शेवटी पंप मांजरासारखा गुरगुरायला लागला. मीटरवरचा दिवा डुलक्या काढू लागला. मी हाताची घडी घालून बराच वेळ तिथं उभा होतो. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर कोणते भाव होते ते सांगणार नाही. पण नंतर गणपतरावांनी सगळ्यांना करून दाखवले.

दुसऱ्या दिवशी पंप सकाळपासून गुरगुरत राहिला. दुपारी वरून सीताक्कांची हाक आली.

"अनेकांत, नळातनं नुसती हवा यायलीय रे! फुस्स म्हणतंय!"

गच्चीवर गेलो. टाकी कोरडी ठणठणीत. पंप अखंड फिरत होता, पाणी पाइपमधून वर चढत होतं आणि साधारण माझ्या घराच्या उंचीवर येऊन निमूट उभं राहत होतं. पंप पाणी किती उंच ढकलेल, हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. ठरावीक वेगाच्या खाली तो पाण्याला नुसता धरून ठेवतो, वर पाठवत नाही. मी घन लक्षात ठेवला आणि वर्ग विसरलो. हे कॉलेजात कसं पोचलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "मगदूम सर वर्ग विसरले." मी ते स्वतःच पुसलं.

गणपतरावांनी खाली उभं राहून सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे सर, वीज वाचली, पर पाणी न चढवता."

"हो, म्हणजे तसं..."

"मग मोटर बंद ठिवून बी तेवढी वाचली असती की!"

मी मान खाली घालून जिना चढलो.

वेग पुन्हा पहिल्या आकड्यावर आणून मी विषय मिटवायला हवा होता. पण गणपतरावांचं ते वाक्य जिन्यात, डेअरीत, भाजीवाल्याच्या गाडीभोवती घुमत होतं. माणसानं अशा वेळी माघार घ्यावी तरी कशी? मी आदर्शला बोलावलं. तो म्हणाला, "सर, गच्चीवरच्या टाकीचा नादच सोडा. पंप थेट नळांना जोडू. एक सेन्सर लावू. नळ उघडला की पंपाला कळणार, त्यो तेवढाच फिरणार. नळ बंद, पंप झोपला. खरा ड्राइव्ह ह्यालाच म्हणत्यात." मग आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाला, "आधी तुम्ही इचारलं कुठं?"

पाइप बदलले, सेन्सर लागला, आणि काय सांगू, चाललं! एक नळ सुटला की पंप हलकेच जागा व्हायचा, चार सुटले की जोर धरायचा. चौथ्या मजल्यावर सीताक्कांच्या नळाला कधी नव्हे ती धार लागली. एकच गोष्ट खटकत होती. दुपारी सगळे नळ बंद असतानाही पंप काही झोपेना. बारीक आवाजात चालूच. म्हणजे कुणाच्या तरी घरात पाणी गळत होतं.

मी टॉर्च घेऊन घरोघर निघालो. लोकांच्या बाथरूममध्ये शिरून नळ तपासणाऱ्या माणसाकडं समाज कसा बघतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या मजल्यावर काही मिळालं नाही. दुसऱ्यावर गणपतरावांचं घर. बेल वाजवली. दिवाणखान्यात गणपतरावांच्या लेकीच्या सासरची मंडळी बसली होती. पोह्यांच्या बशा हातात.

"या सर. काय काम काढलं?"

"तुमचा संडास बघायचा होता."

पोहे थांबले. गणपतराव उठून माझ्याजवळ आले आणि त्यांच्या मते कुजबुजले, म्हणजे रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यानं मान वर केली. "सर, ह्या घरात आजवर पोलीस आला न्हाय. आन् तुम्ही थेट संडासात?"

"दोन मिनिटं फक्त."

मी आत गेलो, कान लावला. फ्लशच्या टाकीतून झुळझुळ झुळझुळ. इतके दिवस छळणारी ती गळती सापडल्याच्या आनंदात माझं भान सुटलं. मी टॉर्च उंचावत बाहेर आलो आणि त्या सगळ्या सोयऱ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "सापडली! सगळी गळती अध्यक्षांच्याच घरात!"

विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. गणपतरावांनी दुसऱ्याच दिवशी फ्लश दुरुस्त करून घेतला. पण तेव्हापासून ते मला 'सर' ऐवजी 'मगदूम' म्हणू लागले.

पंप झोपायला लागला. महिना सरला आणि बिल निम्म्यावर आलं. मी ते सूचना फलकावर लावलं. चार वेळा जिन्यातून उगाच वर-खाली केलं, की कुणीतरी त्याच्यासमोर थांबलेलं दिसावं. आकाराम थांबला होता. म्हणाला, "निम्मं? छापताना चुकलं असंल."

वीज कार्यालयालाही तसंच वाटलं. एके सकाळी जीप आली. तिघं उतरले, थेट मीटरपाशी गेले. त्यांच्यातल्या साहेबांनी विचारलं, "वापर एकदम निम्म्यावर कसा आला?"

मी अभिमानानं म्हणालो, "ड्राइव्ह बसवला."

"परवानगी?"

"परवानगी लागते?"

"लागत नाही. पण घेतली होती का?"

मी समजावून सांगायला सुरुवात केली. घन सांगितला. या वेळी वर्गही सांगितला. साहेब मान डोलावत राहिले आणि त्यांच्या माणसानं तेवढ्यात मीटर काढला. छेडछाडीचा संशय, तपासणीला जाणार. बदली मीटर सध्या शिल्लक नाही. तपासून झाला की हाच परत बसेल. सामायिक मीटर गेला म्हणजे पंप गेला. लिफ्टही गेली. जिन्यातले दिवेसुद्धा गेले.

मी कार्यालयात गेलो. एका टेबलानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं जेवणाच्या सुट्टीकडं. शेवटी त्याच साहेबांपुढं उभा राहिलो.

"तुम्ही वीज वाचवली असं म्हणताय. पुरावा?"

"बिल आहे की."

"बिलावरच तर आमचा संशय आहे."

"मग काय दाखवू?"

"वाचलेली वीज दाखवा."

"साहेब, ती वापरलीच नाही. दाखवणार कशी?"

साहेब खुर्चीत मागं रेलले. "मग आम्ही बघायचं काय?"

इमारतीचे अध्यक्ष म्हणून गणपतरावांनाही बोलावलं होतं. हे गृहस्थ कसे आहेत, असं साहेबांनी त्यांना विचारलं. मी आशेनं बघितलं. गणपतराव पूर्ण आवाजात म्हणाले, "मगदूम लई हुशार माणूस हाय, साहेब. त्यो काय बी करू शकतोय!" अख्खं कार्यालय वळून माझ्याकडं बघू लागलं.

इकडं सन्मतीत घरोघरच्या बादल्या बाहेर निघाल्या. खालच्या टाकीचं झाकण उघडून दोरीनं पाणी शेंदायचं आणि जिना चढायचा. जो तो चढताना तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर मुद्दाम दम खायला थांबायचा आणि जोरात "आई गं" म्हणायचा; त्यात पहिल्या मजल्यावरचेही होते, ज्यांना तिथं यायचं काही कारण नव्हतं. रुचितानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ती फक्त बँकेतल्या नोकरीवरून आली की पदर खोचून बादली उचलायची. ते जास्त लागायचं.

सीताक्कांचं पाणी मी भरायचो. आधी आमचं, मग त्यांचं. ड्राइव्हच्या आकड्यासारखा माझाही वेग प्रत्येक मजल्याला उतरत जायचा. पण मला अर्ध्या वाटेत उभं राहायची सोय नव्हती. त्या दारात वाट बघत उभ्या असायच्या. पाणी गाळायचं, उकळायचं, निवायचं आणि सूर्य बुडायच्या आत प्यायचं, असा त्यांचा सगळा हिशेब उन्हावर चालायचा.

एक दिवस कार्यालयात अडकलो. टेबलावरून टेबलावर फिरता फिरता बाहेर आलो तर रस्त्यावर दिवे लागले होते. तसाच पळत आलो, कपडेही न बदलता बादली भरली आणि वर गेलो. रुचिताही बँकेतून उशिरा आलेली; मी पाणी दिलं असेल या समजुतीत ती होती. सीताक्का अंधारात खुर्चीवर बसल्या होत्या. सूर्य केव्हाच मावळला होता.

"अक्का, दुपारपासून पाणी नव्हतं?"

"सकाळचं संपलं व्हतं. असू दे. आता उद्या पिऊ." त्यांचे ओठ सुकलेले होते. "तू बस. घाम बघ किती आलाय. त्या बादलीतलं घे की, पी."

मी तिथं उभा राहिलो. मला फिजिक्सचा, ड्राइव्हचा, त्या कार्यशाळेचा, सगळ्याचा विलक्षण राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा. "अक्का, तुम्ही त्या सभेत माझी बाजू घ्यायला नको होती. आदितीला फिजिक्समध्ये किती मार्क..."

"म्हाईत हाय मला किती पडलं ते," त्या म्हणाल्या. "पोरगीला कळत न्हवतं तवा तू घरी येऊन परत परत सांगायचास. बाकीचं मास्तर येत न्हवते. मी मार्काचं कुठं बोलले?"

बादलीतलं पाणी मला पिववलं नाही. त्या प्यायल्याशिवाय मी कसा पिणार? हंडा भरून ठेवला आणि खाली आलो. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की आधी त्यांचं पाणी, मग बाकीचं जग, असं ठरवलं. दोन दोन बादल्या एकदम नेऊ लागलो. त्या आठवड्यात माझ्या उजव्या खांद्यातून कुरकुर ऐकू यायला लागली.

शेवटी मीटर परत आला. 'दोष आढळला नाही' एवढंच कळलं. कुणी चुकलं म्हणालं नाही, कुणी शाब्बास म्हणालं नाही. त्याच संध्याकाळी गणपतरावांनी खाली पार्किंगमध्ये सभा घेतली. सूर्यास्ताआधीच्या जेवणाच्या गडबडीत सीताक्का तेवढ्या वर राहिल्या होत्या. विषय एकच: ड्राइव्ह काढून टाकणे आणि जुन्या पद्धतीनं टाकीत पाणी चढवणे. वायरमन त्यांनी सभेआधीच बोलावून ठेवला होता.

मी म्हणालो, "पण आता तो नीट चालतोय! बिल निम्म्यावर आलंय!"

"नीट चालतोय म्हणूनच ही येळ आली," गणपतराव म्हणाले. "बिघडला असता तर साहेब कशाला आला असता? आवं, पुन्हा बिल कमी आलं की पुन्हा जीप येणार. आपलं बिल येतंय तसं येऊ दे. निदान सुखानं जगू."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर त्या युक्तिवादात मलाही खोट सापडेना.

"तरी बी मतदान घेऊ. लोकशाही हाय. ज्यांना ड्राइव्ह ऱ्हावा असं वाटतंय त्यांनी हात वर करा."

कुणाचाच हात वर गेला नाही. मी माझा उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. पुढं जाईना. खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. डाव्या हातानं रेटायला गेलो, तर तोही बादल्यांनी तितकाच कामातून गेलेला.

"गणपतराव, माझं मत..."

"मगदूम, बोलायचं न्हाय. हात वर. नियम हाय."

रुचिता माझ्या शेजारी उभी होती. पहिल्या दिवसापासून ती या ड्राइव्हच्या विरोधात. तिनं माझ्याकडं बघितलं, माझं मनगट धरलं आणि हात सरळ वर नेला. माझ्या तोंडून किंकाळी फुटली, पण हात वर होता. सगळ्यांना दिसेल असा.

आकारामनं विचारलं, "हे धरायचं का?"

गणपतरावांनी क्षणभर विचार केला. "न्हाय. दुसऱ्यानं वर केल्याला हात चालत न्हाय. ठराव एकमतानं मंजूर."

वायरमननं तारा जोडल्या, पाण्याचा व्हॉल्व्ह गच्चीवरच्या टाकीकडं फिरवला, पंप सुरू झाला, लोक पांगले. रुचितानं माझं मनगट सोडलं. आता हात खाली येईना. खांदा वरच आखडून बसला होता. ती म्हणाली, "चला, हळूहळू येईल खाली. शेकायला पाणी ठेवते." आम्ही अंगणातून जिन्याकडं निघालो, मी एक हात आभाळाकडं धरून.

एवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत सीताक्का आल्या. ऊन अजून होतं. त्यांनी मला खाली तसा हात उंचावलेला पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनीही आपला हात वर केला आणि लहान मुलीसारखा हलवला.

"आलं रे अनेकांत, पाणी आलं! केलंस बघ तू!"

काय झालं ते त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. रुचितानं माझी बाही ओढली. मग मी वर अडकलेला तो हात, दुखत होता तरी, जमेल तेवढा हलवला.